चार वाजताचा हात

आवं पाव्हणं, इकडं या सावलीत. गाडीभोवती फेऱ्या मारून ती लवकर चार्ज व्हायची न्हाई. खांबावरचा आकडा बघा, अजून निम्मीसुद्धा भरली न्हाई. बसा बाकड्यावर. उकडलेल्या शेंगा घ्या, मीठ आज बरोबर पडलंय.

शर्टावर चहा सांडलाय न्हवं? दिसतंय की. आन् आत्ता फोनवर कुणाला तरी सांगत होता तेबी ऐकलं मी. मुद्दाम न्हाई, तुमचा आवाजच तसा हाय. "चहा सांडला ते सांडला, आन् वर माझ्याकडं बघून हसली!" हसली, खरं हाय. पण तुमाला न्हाई हसली ती. नीट आठवा. आधी तिचा डावा हात कमरेला गेला. एप्रनवरनं काहीतरी चाचपलं. मग हसली. देवळातनं बाहेर आलेल्या माणसागत, निवांत. व्हय का न्हाई?

मग ते हसू कुठनं आलं ते ऐकून जा. भुताची गोष्ट न्हाई ही. भुताची असती तर बरं झालं असतं, उतारा तरी टाकला असता. ही खरी हाय. आन् सांगून झाली की तुमाला एक काम सांगणार हाय मी. आत्ता न्हाई सांगत. आत्ता सांगितलं तर उठून जाल.

मी कलावती चौगुले. सगळा हायवे कलाआक्का म्हणतो. शाळा चौथीपतोर, त्यातबी तिसरी दोनदा. ह्या समोरच्या अन्नसाथ फूडमॉलात मी चहाच्या काउंटरला होते. तासावर. म्हंजी महिन्याचा पगार न्हाई, जितके तास उभं ऱ्हाल तितक्याचं. आन् तास तरी आपल्या हातात कुठं? आदल्या रात्री ॲप सांगणार, उद्या ये, न्हाईतर उद्या नको. कधी येऊन एप्रन घातला की सांगणार, गर्दी न्हाई, घरी जा. स्टूल न्हाई, कारण बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आळशी दिसतो म्हणं. लघवीला जायचं तर भिंतीवरचं बटण दाबायचं, म्हंजी तेवढा वेळ तुमचं घड्याळ बंद. पोरी सकाळपास्नं पाणीच पीत न्हवत्या. आन् फोन? आल्या आल्या मागच्या लोखंडी कपाटात. किल्ली मॅनेजरकडं.

तरी कामाचा मला नाद होता हो. उजव्या हातानं किटली, डाव्या हातानं फडकं. इकडं ओतत्येय, तिकडं पुसत्येय, थेंब इकडचा तिकडं न्हाई. सुरुवातीला काउंटरच्या कडेला बोटं लावून कपाळाला लावायची, मग पहिला कप. आन् कमरेला डाव्या बाजूला माझी कापडी पिशवी. माझी आई कनवटीला सुपारी-पैसे बांधायची, तशी माझी ती पिशवी, फोन ठेवायची. कामावर ती रिकामीच असायची, फोन कपाटात. पण काढली की उघडं पडल्यागत वाटायचं, म्हणून घालायची. लक्षात ठेवा ती पिशवी.

एक दिवस पुण्याकडची एक कंपनी आली. करतल नावाची. त्यांच्यात एक कुंभोजकर मॅडम होत्या, तरण्याताठ्या, गोड बोलणाऱ्या, आन् खोटं न बोलणाऱ्या. त्यांच्याजवळ एक बाही होती. पातळ, काळी, सापाच्या कातीसारखी. खांद्यापास्नं बोटांपतोर.

"आक्का, ईसीजी काढलाय कधी?" मॅडमनी विचारलं. "छातीला चिकट्या लावतात आणि कागदावर रेघा येतात. हृदय विजेवर चालतं म्हणून. हातही तसाच चालतो. मेंदूकडून बारीकशी वीज नसांतून येते, स्नायू आखडतो. ही बाही ती वीज ऐकते. कुठला स्नायू, कधी, किती. आणि दुसरी बाही तीच वीज दुसऱ्या कुणाच्या हाताला परत देते."

"म्हंजी दुसरीचा हात माझ्यासारखा हलणार?"

"तुमच्यासारखा नाही, आक्का," मॅडम म्हणाल्या. "तुमचाच."

मला हसू आलं तेव्हा. म्हटलं, समोर गिऱ्हाईक वेगळं असलं, कप वेगळा असला, तर? तर म्हणाल्या, बाहीला डोळा हाय. समोर काय हाय ते बघून, किती वाजलेत, गर्दी किती, हे ओळखून तुमच्याच हालचालींतली जुळणारी हालचाल मशीन शोधतं आन् जोडतं. विणलेल्या स्वेटरावाणी, सगळा एकच धागा. तुम्ही फक्त एक दिवस बाही घालून रोजच्यासारखं काम करा.

केलं. सकाळ चांगली गेली. चार वाजता बेंगलोरकडच्या बस लागल्या, सगळा मॉल भरला. आन् त्या गर्दीत माझा डावा हात फडकं टाकून कमरेला गेला. पिशवी रिकामी. परत कामाला लावला. परत गेला. उजवा ओततोय आन् डावा कमरेला. जीव कसा झालता सांगू, विहिरीत वाकून बघितल्यावर होतो न्हवं, तसा. मॅनेजर होते नाईकवाडे साहेब. त्यांना म्हटलं, "साहेब, कपाट जरा उघडा की."

"आक्का, आज? वरचे सगळे बघत बसलेत स्क्रीनवर. शिफ्ट सुटली की उघडू."

शिफ्ट सुटली तेव्हा उघडलं. फोन हातात घेतला तर गरम लागला. वाजून वाजून गरम झालता तो. सगळे कॉल एकाच नावाचे. स्वरा.

स्वरांजली म्हंजी माझ्या धाकट्या बहिणीची, मालनची, पोरगी. मालनचा नवरा कधीचाच निघून गेलता. मायलेकी माझ्याजवळच ऱ्हायच्या, वस्तीवर. त्या दुपारी मालनला ऊन लागलं. ऊन म्हंजी आताचं ऊन, तुमाला काय सांगायचं. पोरगी घरात एकटी, चौदाची. वस्तीचा रस्ता नकाशात न्हवता, ॲम्ब्युलन्स पलीकडच्या गावात फिरत ऱ्हायली. स्कूटर होती ती माझ्याजवळ, हितं, पार्किंगात.

मी पोचले तेव्हा बायका दारात बसल्या होत्या.

स्वरा एकच वाक्य बोलली. "मावशी, तू फोन उचलला न्हाईस." कपाटाचं सांगितलं मी. तिनं ऐकून घेतलं. पण ऐकणं येगळं आन् पटणं येगळं. तिला वाटत ऱ्हायलं, मावशी मोठ्या साहेबांपुढं मिरवत होती. मग दोघी एका घरात ऱ्हायलो, एका चुलीवरचं खाल्लं, पण मधनं भिंत. पाणी पाहिजे असलं तरी माझ्याकडं मागायची न्हाई, उठून घ्यायची.

तिकडं बाह्या आल्या. आधी आमच्याकडं, मग साताऱ्याकडं, मग हुबळी, पार कुठं कुठं. नवी पोर आणायची, बाही चढवायची, घटकाभरात कलाआक्का तयार. मला आधी लई अभिमान वाटला. मग दिसाय लागलं. आधी चांगला हात हाय म्हणून माणूस टिकवत होते. आता हात भाड्यानं मिळतोय म्हटल्यावर माणूस कुणीबी चालतंय. सकाळी एक, दुपारी दुसरी. आन् वेग माझा, उंची माझी. बुटकी पोर असली की खांदा भरून यायचा. मनगटं सुजायची. थांबायची सोयच न्हाई, हात तिचा पण ऐकणार माझं.

माझ्या शेजारच्या काउंटरला नजमा होती, मिरजेची, तोंडाची लई तिखट. ती म्हणायची, "आक्का, तुझ्यापायी मी रोज काउंटरच्या पाया पडतीय! मी बिस्मिल्ला म्हणतोवर हात कपाळाला गेलेला असतो. अल्लाला काय सांगू, कलाआक्कानं लावलं?"

"सांग की. म्हणावं, ती ओळखीची हाय."

हसायचो आम्ही. पण मग एकदा नजमा हळूच म्हणाली, "आक्का, तुझ्या हाताला चारला काय होतं गं?"

मी किटली खाली ठेवली.

"चार वाजले, गर्दी झाली, की डावा हात कमरेला जातो. एकदा न्हाई, सारखा.  माझी पोरं डोळ्यापुढं येत्यात. सगळ्यांना होतंय, आक्का. त्या नव्या बारकीला तर रडूच फुटतं."

मॅडमना विचारलं मी फोनवर.  त्या म्हणाल्या, "आक्का, मुठी आवळून, दात आवळून बसा थोडा वेळ. राग यायला लागतो. आपल्याला वाटतं मन आधी घाबरतं आणि मग हात कापतो. निम्म्या वेळा उलटं असतं. हात आधी घाबरतो, आणि मन मागून कारण शोधत येतं." तेवढा तुकडा कापून टाका म्हटलं. तर म्हणाल्या, कापून बघितला. उजवा हात मध्येच तुटला आन् एका पोरीच्या मनगटावर उकळता चहा पडला. एकच धागा न्हवं का.

म्हंजी बघा काय झालं. माझी त्या दिवसाची भीती, सगळ्या हायवेच्या पोरींत, रोज, चारला.

आन् पोरींनी त्याला नाव पाडलं. सांगावा. चारला हात कमरेला गेला म्हंजी घरी काहीतरी झालंय. हुबळीकडची एक पोर ट्रे टाकून पळत घरी गेली, तर तिचं लेकरू पाण्याच्या पिंपात पडलेलं. वाचवलं तिनं. झालं! फोनवरनं फोनवर ती गोष्ट पसरली. अहो, इतक्या पोरी, इतकी घरं, रोज कुणाच्या तरी घरी काहीतरी होणारच की. अंधारात हजार दगड मारले तर एखादा लागतोच. पण हे पोरींना कोण सांगणार? मीबी न्हाई सांगितलं. कारण त्या सांगाव्याच्या जोरावर पोरी कपाटापुढं उभ्या ऱ्हायला लागल्या. "किल्ली द्या, न्हाईतर घरी चाललो." पहिल्यांदाच बघितलं मी, पोरी वर मान करून बोलताना.

असं चाललं असताना स्वरा म्हणाली, "मीबी जाणार कामाला." एकोणीसची झालती. कॉलेज दुपारपतोर. मी नको म्हटलं. तर म्हणाली, "का? तुझे हात सगळ्या रस्त्याला चालत्यात, मला का न्हाई?"

तिला माझ्या दुसऱ्या बाजूचं काउंटर मिळालं. तुमच्या शर्टावर चहा सांडणारी, लांब वेणीची, ती हीच. माझी भाची.

पहिल्या दिवशी बाही चढवली. बोटं काउंटरला, बोटं कपाळाला.  चेहरा मालनचा आन् हात माझा. चार वाजले. बस लागल्या. स्वराचा डावा हात फडकं टाकून कमरेला गेला.

तिनं घड्याळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. हात परत गेला. परत. उजवा ओततोय, कप भरत्यात, गिऱ्हाईक ओरडतंय, "ओ मॅडम, साखर कमी!" आन् पोरीचे ओठ नुसते हलत होते. मला वाटलं जप करतीय. जप न्हवता. त्या दुपारी तिनं केव्हा केव्हा फोन लावला ते ती आठवत होती. एकेक फोन, आन् त्याला माझा एकेक हात. जुळवत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर चुलीपुढं बसली. मी भाकरी थापत होते.

"मावशी," म्हणाली, "पहिला फोन लावला तेव्हा आई बोलत होती. दुसऱ्याला पाणी मागितलं. मग नुसतं बघत होती. दरवेळी तुझा हात गेलाय."

"गेलता."

"तुला कसं कळलं?"

"मला कळलं न्हाई गं. हाताला कळलं."

मॅडमनी पुढं त्याचंबी कारण दिलं. लोखंडी कपाट मागच्या भिंतीला, काउंटरचं पोलादबी त्याच भिंतीला. फोन कपाटात थरथरला की ती बारीक थरथर भिंतीतनं, फरशीतनं पायापतोर येत असणार. कानाला न्हाई ऐकू येत ते पायाला येतं. असंल. शाळा शिकलेल्यांचं खरं असंल. मला काय, ते बी पटतं आन् दुसरंबी पटतं.

 जेवताना स्वरानं माझ्या ताटातली भाकरी मोडून घेतली. इतक्या वर्षांनी. मी खाली मान घालून खात ऱ्हायले, वर बघितलं असतं तर रडले असते.

हितं गोष्ट संपाय पाहिजे होती. न्हाई संपली.

पोरगी चारची शिफ्ट मागून घ्यायला लागली. सुट्टीच्या दिवशीबी. कॉलेज बुडवाय लागली. चार झाले की डोळे मिटून घ्यायची, हात कमरेला, आन् घामानं भिजून जायची. मी म्हटलं, "का गं जिवाला लावून घेतीस?" तर म्हणाली, "त्या वेळात आई अजून हाय, मावशी. चार वाजून गेले की न्हाई."

सांगा, काय करायचं माणसानं?

आन् तेवढ्यातच कंपनीची माणसं आली. चारला पोरी पळत्यात, चहा सांडतोय, धंदा बसतोय. मॅडम म्हणाल्या, "आक्का, नवीन रेकॉर्डिंग देता का? शांत दिवसाचं." मी दोन दिवस विचार केला. म्हटलं, देते. पण पोरींना फोन कमरेला ठेवू द्या, मग कुणाचा हात कशाला भिईल?

नाईकवाडे साहेब म्हणाले, "सगळ्यांना नाही जमणार. तुम्हाला ठेवू द्या म्हणून विचारतो. रेकॉर्डिंगपुरता."

मला वाटलं, आपण शहाणपणा केला. एकदा माझ्या हातानं फोन कमरेला धरला की बाहीतबी तो येणार, आन् मग ह्यांना द्यावाच लागणार. चौथी शिकलेल्या बाईनं कंपनीला गंडवलं असं वाटलं बघा मला.

त्या दिवशी फोन कमरेच्या पिशवीत. बाही चढवली. हात मधनं मधनं जायचा, फोन लागायचा, परत यायचा. चार वाजले. गर्दी झाली. आन् कमरेला थरथर झाली. स्वराचाच फोन. आमचं ठरलं होतं, ती घरनं लावणार. मी कानात इअरफोन घालूनच होते, पिशवीवरनंच बटण दाबलं.

"मावशी, चहा झाला का?"

"झाला गं. तुझा?"

"झाला."

एवढंच. पण कानाला तो आवाज, आन् कमरेला तो फोन, आन् चारची वेळ. मी उचलला होता फोन. ह्या खेपेला उचलला होता. सगळा हात असा सैल पडला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यागत. मी हसले. आजूबाजूला कोण हाय ते विसरून हसले.

तेच हसू, पाव्हणं. आत तुमी बघितलं ते.

नवी बाही पोरींना चढली. पहिल्या दिवशी आधीपेक्षा वाईट झालं. हाताला ठाऊक होतं की तिथं फोन हाय, आन् तिथं काहीच न्हवतं. बोटं नुसती एप्रन ओरबाडायची. म्हटलं, आता देतील फोन. तर वरच्या कुठल्या साहेबानं युक्ती काढली. एप्रनच्या आत डाव्या कमरेला प्लास्टिकची वडी शिवली. फोनच्या मापाची, फोनच्या वजनाची, कडा गोल. हाताला ती लागली की हात गप्प. आन् हाताच्या मागनं मनबी गप्प.

मी नाईकवाडे साहेबांच्या केबिनीत गेले. "अहो, वडी शिवायचीच तर फोनच ठेवा की खिशात!"

साहेब तोंडानं वाईट न्हाईत. डोळ्याला डोळा न देता म्हणाले, "आक्का, फोनवर पोरी बोलतात. वडीवर बोलत नाहीत."

मी लई बोलले मग. काय काय बोलले ते आता सांगत न्हाई, शेंगा खाताय तुम्ही. तेव्हापास्नं मला आत यायला बंदी. दारावरचा वॉचमन ओळखीचा, खाली मान घालून सांगतो, "आक्का, नको." हातांचं काम झालंय, आता हातवालीचं काय करायचं त्यांना? म्हणून ह्या शेंगा, हे बाकडं.

आता कुणी चारला पळत न्हाई. कुणी किल्ली मागत न्हाई. मनगटं तशीच सुजत्यात, बटण तसंच हाय, स्टूल अजून न्हाई. पण पोरी हसत्यात. नजमाच्या थोरल्याला डेंगी झालता, शाळेनं फोनावर फोन केले. कपाट वाजत ऱ्हायलं आन् नजमा वडी चाचपत चहा ओतत ऱ्हायली. पोरगं वाचलं. नजमा मातुर वाचली न्हाई असंच म्हणाय पाहिजे, येगळ्या अर्थानं. काम सोडून मिरजेला गेली. जाताना म्हणाली, "आक्का, भीती वाटत होती तेव्हा मी आई होते."

आन् स्वरा? मला वाटलं होतं, पोरगी सुटली त्या चारच्या फेऱ्यातनं. सुटली. पण कुठं गेली?

घरी येती, हातपाय धुती, जेवती. काही विचारलं की "बरं हाय" म्हणती. कॉलेजचं विचारलं, बरं हाय. मालनचा फोटो पुसाय सांगितला, पुसला, हसली. माझ्या ताटातली भाकरी मोडायची बंद झाली. रागानं न्हाई हो. राग असता तर मी पायावर डोकं ठेवलं असतं.

परवा शेंगांचं पातेलं उतरवताना कलंडलं. हा हात बघा, कोपरापतोर सालपट गेलंय. मी बोंबलले. स्वरा दारातच बसलती. तिनं माझ्याकडं बघितलं. बाही अंगावर न्हवती, एप्रन न्हवता. तरी तिचा डावा हात कमरेला गेला. तिथं काही न्हवतं. हवेतच बोटं फिरली, जणू हाय तिथं. आन् ती हसली.

"काय न्हाई होत, मावशी," म्हणाली. "सगळं बरं हाय."

उकळत्या पाण्यापेक्षा ते भाजलं मला.

मॅडमनी करतल सोडलंय म्हणं, पण माझा फोन उचलत्यात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मेंदू सारखा अंदाज बांधत असतो. कमरेला वजन हाय म्हंजी फोन हाय, फोन हाय म्हंजी सगळं बरं हाय. अंदाज खोटा पडत न्हाई तोवर तो पक्का होत जातो, बाही काढल्यावरसुद्धा ऱ्हातो. घरी तिच्या हातात फोन देऊन उपयोग न्हाई, घरी ती बाहीत नसती. तो अंदाज जिथं बांधला तिथंच मोडाय लागतो. बाही चढलेली, चारची वेळ, कमरेला ती मेलेली वडी, आन् त्याच वेळी हातात खराखुरा फोन, जिता, थरथरणारा, ज्यातनं ओळखीचा आवाज येतो. "हाताला एकदा खरं लागलं आक्का, की खोटं चालत नाही." म्हणाल्या, नक्की सांगत न्हाई, पण होईल असं वाटतं.

मी आत जाऊ शकत न्हाई. कामाच्या पोरी एकमेकींना फोन देऊ शकत न्हाईत. पण एक हाय. गिऱ्हाइकानं हातात दिलेली वस्तू पोरींनी नाकारायची न्हाई, असा कंपनीचाच नियम. लोक फोटो काढ म्हणून फोन देत्यात न्हवं, त्यासाठी, आन् तेवढ्यापुरती बाही हात मोकळा सोडती. मागं एक मास्तर गेलते आत माझ्यासाठी. म्हणाले, फोन हातात गेला तशी तिची बोटं माझा नंबर दाबाय लागली. चार आकडे दाबले तिनं. तेवढ्यात मागनं साहेब आले, आन् मास्तर बिचारे भिऊन फोन घेऊन परत आले.

पण चार आकडे दाबले तिनं. तिथपतोर आली होती.

तुमी भिणाऱ्यातले वाटत न्हाई. त्या फोनवरच्या आवाजावरनंच वाटलं मला, हा माणूस साहेबाशी दोन शब्द भांडेल.

त्या बघा बस वळाय लागल्या. चार वाजत आले. उठा. शेंगा ऱ्हाऊ द्यात, परत येऊन खा. आत जा, लांब वेणीच्या पोरीपुढं उभं ऱ्हा, चहा मागा. ओरडू नका तिच्यावर. तिचा डावा हात कमरेला जाईल. ती हसायच्या आधी, हसायच्या आधी हं, तुमचा फोन तिच्या हातात द्या. फोटो काढ म्हणा. आन् फोन हातात गेला की म्हणा, फोटो नको बाई, तुला पाठ असलेला नंबर लाव. साहेब आले तर त्यांना शर्ट दाखवा, तक्रार सांगा, वाटेल ते सांगा, पण फोन तिच्या हातातनं काढून घेऊ नका.

माझा हा फोन हितं मांडीवरच हाय, बघा. वाजू द्या. पहिल्या रिंगला उचलते मी.